ओढ्यापलीकडचा ठोका

आमचा बँड शेतीच्या लाईटवर चालायचा. शहरातला माणूस हे वाचून हसेल, हसू दे. ब्राह्मणपुरीच्या शिवारात आमची केळीची पॅकिंग शेड आहे आणि तिथे तीन फेजची लाईट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. दिवसाची लाईट असली की प्रॅक्टिस. रात्रीची असली की आम्ही दिवसभर झोपलेले आणि रात्री केळीला पाणी भरायला बांधावर. त्यामुळे एक गाणं बसायला महिना लागायचा, आणि बसलेलं गाणं मधल्या आठवड्यात पुन्हा उठून जायचं.

बँडचं खूळ माझ्या मोठ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं. तो पुण्याला इंजिनिअर व्हायला गेला आणि येताना एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. डिग्रीचं काय झालं ते आमच्या घरात आजही कोणी विचारत नाही. दादा मोठा, म्हणून गिटार त्याची. मला त्याने बेस दिला, चार जाड तारांचं ते धूड, मला हवं का असं न विचारता. बेस कोणाला ऐकू येत नाही पण तो थांबला की सगळ्यांना कळतं, असं त्याने मला समजावलं. मी दोन-चारदा मुद्दाम थांबून पाहिलं. कोणाला काही कळलं नाही.

ड्रमवर रनाळ्याचा एक जण होता. त्याच्या घरी बाप, आजा, पणजा, सगळे लग्नातले वाजंत्री. ड्रमसेट त्याने जन्मात पाहिला नव्हता. बसला, पायाने काय दाबायचं ते विचारून घेतलं, आणि चहा येईपर्यंत असा काही वाजवायला लागला की दादाची गिटार त्याच्या मागे धावू लागली. त्याला मी तेव्हापासून मानतो. पुढे जे झालं त्यातही शहाणा तोच निघाला.

आणि गाणारा. तो आम्हाला शहाद्याच्या कॉलेजात सापडला. सातपुड्यातला, धडगावच्याही आतल्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. सहा वर्षांचा असताना आश्रमशाळेत गेला, तो बारावीपर्यंत वसतिगृहातच. घर म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी. आम्हा चौघांत शुद्ध मराठी फक्त त्याचं. आम्ही बाकीचे अहिराणीत एकमेकांची आय-माय काढत असायचो आणि हा मधेच शांतपणे म्हणायचा, तुम्ही दोघेही चुकीचे बोलत आहात. शाळेत धडा वाचून दाखवावा तसं. मला अशा वेळी त्याचा भयंकर राग यायचा. पण तो गायला लागला की राग विसरायला व्हायचं. उंच आवाज होता, आणि किनार जरा फाटलेली. समोर डोंगर असल्यासारखा गायचा तो.

आम्ही स्वतःला रॉक अँड रोल बँड म्हणायचो. बँडचं नाव इंग्रजी होतं, ते दादाखेरीज कोणाला धड म्हणता यायचं नाही, म्हणून गावात आम्ही शेडवाले. गणपतीत शहाद्याच्या एका मंडळापुढे पहिला कार्यक्रम केला. सगळी इंग्रजी गाणी. पोरांनी जरा वेळ तोंडाकडे पाहिलं आणि मग डीजे लावा म्हणून ओरडा सुरू केला. माझी आई पुढच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर तिने मला ताट वाढलं आणि विचारलं, "बेटा, ते भांडा पडनात तशी वाजत व्हतं, ते तुन्हं व्हतं का त्यान्हं?" बेस एकदाचा कोणाला तरी ऐकू गेला होता.

गाणाऱ्याला मात्र असल्या फजितीचं काही नव्हतं. त्याचं चित्त एकाच गोष्टीत होतं. त्याचे वडील त्यांच्या खोऱ्यातले ढोल वाजवणारे. लग्न असो, होळी असो, देवाचं असो, आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांवर त्यांचाच ढोल. मुलाने तो ढोल घ्यावा अशी त्यांची इच्छा, आणि मुलगा सहाव्या वर्षी शाळेत गेलेला. सुट्टीत घरी गेला की ते विचारायचे, तू काय वाजवतोस? तो सांगायचा, मी गातो, वाजवणारे दुसरे आहेत. आश्रमशाळेत असताना त्याने स्टेजवर किती बक्षिसं मिळवली, वडिलांनी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या पाड्यावर टॉवर नव्हता, त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, आणि ऊसतोडीला गुजरातेत जाण्यापलीकडे ते कधी डोंगराखाली उतरायचे नाहीत. एकदा वडिलांना ऐकवायचं आहे, असं हा इतक्या वेळा म्हणायचा की मी त्याची नक्कल करायला शिकलो होतो. मी नक्कल केली की तो हसायचा. ती इच्छा त्याला आतून किती खात होती ते मला नंतर कळलं.

दिवसाच्या लाईटच्या एका आठवड्यात, भर प्रॅक्टिसमध्ये लाईट गेली. तार तुटली असणार, लवकर येणार नव्हती. आम्ही केळीच्या कॅरेटवर बसून राहिलो. गाणारा एका रिकाम्या कॅरेटवर बोटांनी काहीतरी वाजवत होता, आपल्याच नादात. दोन जड ठोके, मग थांबा. तीन हलके, मग पुन्हा थांबा, आणि हा थांबा इतका मोठा की वाटावं, विसरला. मग परत दोन जड.

रनाळ्याचा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता, तो ताडकन सरळ झाला. म्हणाला, "हाऊ ठोका कोठला शे रे?"

गाणाऱ्याने सांगितलं, माझ्या वडिलांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अंगणात खाटेवर पडलेलो असायचो, वडील ढोल घेऊन कुठे तरी गेलेले असायचे, आणि ओढ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून हा ठोका ऐकू यायचा. फार लांबून. घरी त्यांनी हा कधी वाजवला नाही. लग्नाचे, होळीचे सगळे ठोके मी त्यांच्या पायाशी बसून ऐकले, हा एवढा एकच लांबून ऐकलेला. म्हणून हाच आठवतो.

हे त्याने सांगितलं तेव्हा आमच्यापैकी एकालाही काही खटकलं नाही. का खटकावं? ठोका चांगला होता. रनाळ्याच्याने तो ड्रमवर घेतला, चाल दुपटीने वाढवली, आणि त्या थांबायच्या जागा होत्या त्या सगळ्या भरून काढल्या. लाईट आली. दादाने त्यावर गिटार टाकली. मला आयुष्यात पहिल्यांदा बेस वाजवताना अंगावर काटा आला. गाणाऱ्याने त्याच आठवड्यात पावरीत, म्हणजे त्याच्या घरच्या बोलीत, शब्द बसवले. सुट्टीला घरी निघालेलं एक पोर आहे, ओढ्यापलीकडे ढोल ऐकू येतोय, आणि ते पळत सुटलंय: थांब, थांब, मी येतोय. एवढंच गाणं. बाकी सगळा ठोका.

त्या गाण्याने आम्हाला कुठल्या कुठे नेलं. दादाने केळीच्या बागेत उभं करून आमचा व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकला. मी त्यात केळीच्या पानाआड अर्धाच दिसतो, ते मी दादाला अजून ऐकवतो. पुढच्या लग्नसराईत तळोद्यापासून शिरपूरपर्यंत बोलावणी. ज्या पोरांनी डीजे लावा म्हणून आम्हाला हाकललं होतं, त्यांच्याच वरातीत आम्ही पिकअपवर उभे राहून वाजवत होतो आणि ती पोरं पावरीतला एकही शब्द न कळता घसा फोडून गात होती. सारंगखेड्याच्या यात्रेत स्टेज मिळालं. तिथे ढोलावर नाचणारे घोडे असतात. आमचा आवाज सुरू झाला तसे ते दाव्याला हिसके द्यायला लागले आणि घोडेवाले आमच्या अंगावर धावून आले. तरीही कार्यक्रम पुरा झाला. लोकांनी तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं.

डोंगरातली माणसंही आमच्या कार्यक्रमांना यायची, नाचायची. त्यांच्यातलं कोणी काही बोललं कसं नाही, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. बोलणार कसं? त्या डोंगरात खोऱ्याखोऱ्याला ठोका बदलतो. एका ओढ्याचा ठोका पुढच्या ओढ्यावर ओळखीचा नसतो. आमच्या गाण्यातला ठोका ओळखणारी माणसं एकाच खोऱ्यात होती, आणि तिथे गाणं पोचायला टॉवर नव्हता.

मग गाणाऱ्याच्या पाड्यावरचं लग्न ठरलं. त्याच्या चुलत बहिणीचं, त्याच्याच अंगणासमोर. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती, वडील घरी होते. तो दिवसभर शेडमध्ये इकडून तिकडे चालत होता. आपण जायचं, असं त्याने आम्हाला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. दादाने वरात, तारखा, काहीबाही काढलं. मी दादाला म्हटलं, आपण याच्या बापाच्या ठोक्यावर दोन सिझन मिरवतोय, गुपचूप चल. तो आला.

रस्ता जिथे संपला तिथे पाड्यावरची माणसं उभीच होती. जनरेटर, स्पीकर, ड्रम, सगळं त्यांनी खांद्यावर घेतलं आणि आमच्यापुढे निघाले. मी नुसता बेस घेऊन चढत होतो तरी मला धाप लागली. एक म्हातारी माझ्या मागून डोक्यावर हंडा घेऊन येत होती, ती मला हसून ओलांडून गेली.

गाणाऱ्याचे वडील उंच, सुकलेले. हातांची बोटं मात्र जाड. त्यांनी आधी आपला ढोल वाजवला. नवरीकडचं काय, नवऱ्याकडचं काय, बाया काय, म्हातारे काय, एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल धरला आणि सगळं अंगण एका पायाने उचललं जायला लागलं. मग ते थांबले, आमच्या ड्रमसेटजवळ आले, त्याच्या कातड्यावर बोट फिरवलं आणि मुलाला काहीतरी विचारलं. हे कुठल्या जनावराचं, असं विचारतायत, मुलगा म्हणाला. प्लास्टिक आहे म्हटल्यावर त्यांना हसू आलं. रनाळ्याचा उठून त्यांच्या पाया पडला. मग ते आमच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी गाणाऱ्याकडे पाहिलं. तो माईकचा स्टँड पुन्हा पुन्हा सरळ करत होता.

पहिली दोन-तीन गाणी छान गेली. पोरं नाचली, वडील मान डोलवत होते. मग त्याने माईकवर पावरीत काहीतरी सांगितलं, बहुतेक हेच की आता वाजेल ते माझ्या वडिलांचं आहे. आणि आम्ही ते सुरू केलं.

पहिल्यांदा म्हाताऱ्या बाया थांबल्या. गोलातून त्यांचे हात सुटले. मग बाप्ये थांबले. पोरं अजून दोन फेऱ्या नाचली आणि मोठ्यांची तोंडं बघून तीही थांबली. अंगण उभंच्या उभं गप्प झालं. आणि आम्हाला वाटलं, ऐकतायत. खरंच सांगतो, आम्हाला तसंच वाटलं. सारंगखेड्यातही लोक कधी कधी असे गप्प होऊन ऐकायचे. रनाळ्याच्याला चेव आला, त्याने काठ्या आणखी जोरात टाकल्या. गाणारा डोळे मिटून गात होता, थांब, थांब, मी येतोय.

तेवढ्यात एक बाई रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते, हेल काढून, नावं घेऊन रडणं. तिचा नवरा त्याच हिवाळ्यात गेला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. वडील जागेवरून उठले. घाई न करता चालत आले आणि आपला तळहात त्यांनी ड्रमच्या कातड्यावर ठेवला. रनाळ्याच्याने काठ्या वरच्या वर धरल्या. दादाची गिटार एकटीच जरा पुढे गेली आणि थांबली. वडिलांनी मुलाकडे पाहून एकच काहीतरी विचारलं. आमच्या शेजारी एक शिकलेला मुलगा उभा होता, त्याला मी खुणेने विचारलं. त्याने हळूच सांगितलं, "ते विचारतायत, कोण गेलं?"

तो मयताचा ठोका होता. त्या खोऱ्यात माणूस गेला की तो वाजतो, ओढ्यापलीकडच्या पाड्यांना कळावं म्हणून, आणि माणसाला पोचवेपर्यंत वाजत राहतो. एरवी तो कोणी वाजवायचा नसतो. घरी नाही, शिकायला नाही, गंमत म्हणून नाही. म्हणून तर वडिलांनी तो अंगणात कधी वाजवला नव्हता. पाड्यावरच्या पोरांना हे आपोआप माहीत असतं, कारण ती मोठ्यांबरोबर मयताला जातात. आमचा गाणारा त्या वयात वसतिगृहात पाढे म्हणत होता. सुट्टीत कधी कोणी गेलं तर वडील एकटेच ढोल घेऊन जायचे, आणि हा खाटेवर पडून लांबून ऐकायचा. त्याला वाटायचं, वडील कुठल्या तरी लग्नाला गेलेत.

आम्हाला कोणी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांचा पुजारा, म्हणजे देवाचं करणारा, आला, मांडवाच्या चारही बाजूंना मोहाच्या दारूची धार सोडली, काही बोलला, नवरा-नवरीला पुन्हा बसवलं. वडिलांनी आपला ढोल गळ्यात घातला आणि लग्नाचा ठोका धरला. हळूहळू गोल पुन्हा झाला. आम्ही सामान आवरत होतो तेव्हा ते मुलाजवळ आले आणि म्हणाले, तुझं काही चुकलं नाही, मीच तुला लहानपणी शाळेत घातलं. हे मुलाने आम्हाला उतरताना सांगितलं, त्याच्या त्या शुद्ध मराठीत, एकेक शब्द नीट उच्चारून.

ते गाणं यापुढे म्हणणार नाही, असं त्याने शेडमध्ये आल्या आल्या सांगून टाकलं. दादाचं म्हणणं, ठीक आहे, डोंगरात नको म्हणू, पण इथे सपाटीवर काय फरक पडतो? इथे कोणाला माहीत आहे? लोक त्या एका गाण्यासाठी बोलावतात, ते काढलं तर आपण परत गणपतीतले शेडवाले. दादाचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तो व्हिडिओ नेटवर होता, डीजेवाल्यांनी त्यावर आपापली भर घालून तो कधीच पळवला होता, आमच्या हातात तसंही काही उरलं नव्हतं. मी मात्र डोकं फिरवून घेतलं आणि दादाला नको नको ते बोललो, अगदी पुण्याच्या डिग्रीपर्यंत गेलो. गाणारा मधे पडून म्हणाला नाही की तुम्ही दोघेही चुकीचे बोलत आहात.

बोलला रनाळ्याचा. आमच्याकडे वरात जाताना वाटेत दुखवट्याचं घर आलं की वाजंत्री बंद होते आणि ते घर ओलांडल्यावर पुन्हा सुरू होते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. तो काठ्या कापडात गुंडाळत म्हणाला, "मन्हा आजला दुखवटाना घरसमोर पिपाणी तोंडमाईन काढी ले. आपन तं दुखवटाच लगीनमा वाजाडा." आणि काठ्या पिशवीत टाकल्या.

एक कार्यक्रम आधी कबूल केलेला होता, तो तेवढा करायचा ठरलं. शहाद्याजवळच्या एका गावातली हळद. दोन-चार गाणी झाली आणि पोरांनी त्या गाण्याचा ओरडा सुरू केला. गाणाऱ्याने दुसरं गाणं घेतलं. ओरडा वाढला, कोणी तरी पाण्याची बाटली फेकली. तेव्हा दादाने त्याच्याकडे न बघता त्या गाण्याची गिटार सुरू केली. रनाळ्याच्याने काठी उचलली नाही. मी तारांवर पंजा ठेवला. दादा एकटाच वाजवत होता आणि पोरं एवढ्यावरच नाचायला लागली होती. गाणाऱ्याने माईक बंद करून स्टँडला लावला, वायर नीट गुंडाळून ठेवली, खाली उतरला आणि नाचणाऱ्यांच्या कडेकडेने एसटीच्या थांब्याकडे चालत गेला. तिथे आमचा बँड संपला.

दादाचा आता डीजेचा पिकअप आहे, चांगला चालतो. लग्नसराईत तो ते गाणं लावतो, बाकीचेही लावतात. आमच्या गल्लीतून वरात गेली की मी उठून मागच्या दारी जातो. आईला कारण माहीत आहे. दादाशी मी बोलतो, सणावाराला एका पंगतीला बसतो. पण मला त्याचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही, हेही खरं.

गाणारा पाड्यावर परत गेला. वडिलांच्या पायाशी बसून त्याने लग्नाचे, होळीचे, देवाचे सगळे ठोके शिकून घेतले. तो मयताचा ठोका तेवढा शिकवता येत नव्हता, कारण कोणी गेल्याशिवाय तो वाजवायचा नाही. म्हणून कुठे कोणी गेलं की तो वडिलांबरोबर जायचा आणि ते वाजवताना शेजारी उभा राहून त्यांच्या हाताकडे बघायचा. फोनवर त्याने मला हे सांगितलं होतं. तोवर त्यांच्याकडे टॉवर आला होता. मी विचारलं, वडिलांनी तुझा ढोल ऐकला का? म्हणाला, बाकीचे सगळे ऐकले, चांगले आहेत म्हणाले. तो एकच राहिला आहे.

मागच्या उन्हाळ्यात वडील गेले. रनाळ्याच्याने मला मोटारसायकलवर घेतलं आणि आम्ही गेलो. आता रस्ता ओढ्यापर्यंत झाला आहे. गाडी उभी केली आणि पलीकडून ठोका ऐकू आला. दोन जड. थांबा. तीन हलके. मग तो मोठा थांबा, जो आम्ही भरून काढला होता. त्या थांब्यात पाणी ऐकू येत होतं, कोणाचं तरी रडणं ऐकू येत होतं. रनाळ्याचा हँडल धरून तसाच उभा राहिला आणि रडायला लागला. मलाही आवरलं नाही.

गाणारा अंगणात वाजवत होता, वडिलांच्या उशाशी उभा राहून. तो ठोका त्याने एकट्याने वाजवायची ती पहिलीच वेळ. आम्हाला पाहून त्याने नुसती मान हलवली. आम्ही बाप्यांत जाऊन बसलो. आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं येत होती, बायांबरोबर त्यांची लहान मुलं. आणि ती मुलं नाचायला लागली.

चार-पाच पोरं होती. त्यांनी अंगणाच्या कडेला एकमेकांच्या कमरेला हात घातले आणि पाय टाकायला लागली. त्यांना मोबाईलमधून तो ठोका लग्नाचा म्हणून माहीत होता. त्यातल्या एका मुलीने तर गाणंही धरलं, त्याचंच गाणं, थांब, थांब, मी येतोय. त्यांचे पाय आमच्या चालीने पडत होते आणि ढोल मागे राहत होता, म्हणून ती पुन्हा पुन्हा अडखळत होती. दोन बाया त्यांना ओढायला धावल्या. ती मुलगी सुटून थेट ढोलापाशी आली आणि वर बघून त्याला काहीतरी म्हणाली. शेजारच्या माणसाने मला सांगितलं, "ती म्हणतेय, जोरात वाजव ना."

त्याचे हात थांबले नाहीत. वाजवत वाजवतच तो तिच्याशी बोलला. एवढंच म्हणाला की हा माझ्या बापाचा आहे, हा हळूच वाजतो.

त्याच्या वडिलांनी शेवटी त्याचं ऐकलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मेलेल्या माणसाला काय ऐकू येतं? ती मुलगी मात्र तिथेच ढोलाला गाल टेकवून उभी राहिली. वडिलांना उचललं तेव्हा ती गाणाऱ्याच्या मागून त्या ठोक्यावर हळूहळू चालायला लागली. आम्ही दोघं तिच्या मागे.